गस्तवाल्याचे मौन

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रांविषयी लिहू नये असा काही नियम नाही, असे धरून मी हा लेख लिहायला बसले आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर वार्षिकांकात एखादा तरी निबंध असतोच, त्या मोठ्या प्रश्नात मला शिरायचे नाही. माझा प्रश्न लहान आणि घरातला आहे. सरकारी नोकरीत जो माणूस टेबलाशी बसत नाही, रात्रंदिवस पायी हिंडतो, त्याच्यासाठी सुरक्षित बिनतारी संदेशयंत्रणा उभारायची झाली, तर ती कोणापासून सुरू करावी आणि सुरक्षित म्हणजे नेमके काय समजावे?

घरातला अशासाठी म्हटले की माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत. पूर्वी या कामाला गँगमन म्हणत. आमच्या भिसेगावात अजूनही तसेच म्हणतात. आजोबा मजुरी करीत, बाबा नववीपर्यंत शिकले, आणि कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. त्यामुळे एखादा नवा शब्द मी घरी नेला की बाबा तो रुळावर ठोकून पाहतात. खणखणीत वाजला तर ठेवतात, नाहीतर सोडून देतात.

भिसेगाव कर्जत स्टेशनला अगदी लागून. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून इंजिने लागतात. त्यांना बँकर म्हणतात. प्रवासी तेवढ्यात वडे खाऊन घेतात आणि गाडी बोरघाट चढू लागते. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे अठ्ठावीस किलोमीटर, चढ सदतीसास एक, वाटेत दोन डझनांहून अधिक बोगदे. १८६३ साली हा मार्ग खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर दगावले. एवढे आपल्याला इतिहासात येते. परंतु मार्ग खुला झाल्यावर तो रोज खुला ठेवावा लागतो, हे इतिहासात येत नाही. पावसाळ्यात दरड कोसळते, भराव खचतो, झाड आडवे होते. म्हणून रात्रभर माणसे रुळांतून चालत असतात. आपण गाडीत खिडकीला डोके टेकून झोपतो तेव्हा खाली कोणीतरी कंदिलाच्या उजेडात खडीवर पाय टाकीत निघालेले असते. (हल्ली कंदील नसतो, तिरंगी बॅटरी असते. पण ‘कंदील’ हा शब्द माझ्या कानांतून जात नाही.)

या माणसाजवळ नियमाप्रमाणे काय असते? बॅटरी, लाल निशाण, शिट्टी, काठी आणि पटाखे. पटाखे म्हणजे रुळावर बसवायच्या चपट्या डब्या. इंजिनाचे चाक वरून गेले की मोठा बार होतो आणि चालक गाडी थांबवितो. पुढे रूळ तुटलेला किंवा दरड पडलेली दिसली तर गस्तवाल्याने येणाऱ्या गाडीच्या दिशेने बॅटरीचा लाल उजेड दाखवीत धावायचे, सहाशे मीटरवर एक पटाखा बसवायचा आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. विचार करा. भर पावसात, उतारावर, ओल्या खडीतून बाराशे मीटर जायला तरण्या माणसालाही दहा-बारा मिनिटे लागतील. ताशी चाळीस किलोमीटरने येणारी गाडी तेवढे अंतर दोन मिनिटांच्या आत कापते. घाटात तर रूळमार्ग तीन आहेत. एका मार्गावरची दरड शेजारच्या मार्गावर आली असेल, तर एकट्यादुकट्या माणसाने आधी कोणत्या दिशेला पळावे?

तरीही या जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण आहे, आणि या लेखाचा खरा विषय तेच आहे. गस्तवाल्याजवळ एक पुस्तक असते. आपला टापू चालून झाला की पलीकडून येणारा गस्तवाला भेटतो, दोघे पुस्तकांची अदलाबदल करतात आणि परत फिरतात. असे करीत ते पुस्तक एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंत जाते. मास्तर त्यावर वेळ घालून सही करतो. आणि पुस्तक वेळेवर आले नाही तर? तर मास्तराने ‘येईल हो, पाऊस आहे’ असे म्हणायचे नसते. मार्ग संशयास्पद आहे असे समजून पुढची गाडी ताकीद देऊन, वेग कमी करून सोडायची असते. म्हणजे या व्यवस्थेत गस्तवाल्याचे मौनसुद्धा संदेश असते. तो बोलला तर ऐकायचेच. तो बोलला नाही तर अधिक लक्ष देऊन ऐकायचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, वीज नसताना, कोणी तरी हे ठरविले. त्या अज्ञात माणसाला माझा नमस्कार.

आता याच्याशेजारी आपला मोबाइल ठेवून पाहा. गेल्या आषाढात बाबा रात्रपाळीच्या गस्तीवर होते. पाऊस असा की पन्हाळीचे पाणी ओटीवर येत होते. आईने साडेबाराला फोन लावला, एकला लावला, दीडला लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या संपर्कक्षेत्राबाहेर आहे.’ आई अंथरुणावर बसून राहिली. मी समाजशास्त्राची वही उघडून तिच्या शेजारी बसले. वाचले काहीच नाही. सकाळी साडेसातला बाबा आले, रेनकोट खुंटीला लावला आणि म्हणाले, “नाय लागत फोन डोंगरात. त्यात काय मोठं?” खरेच त्यात मोठे काही नव्हते. काहीही झाले नव्हते. डोंगर मध्ये आला की टॉवरची लहर पोहोचत नाही, यात कोणाचा दोष नाही. पण त्या रात्री मला उमगले ते असे की मोबाइलवरचे मौन काहीच सांगत नाही. माणूस बोगद्यात आहे, की बॅटरी संपली, की पाय घसरून दरीत पडला, सगळ्याला ते एकच वाक्य. ऐकणारा हळूहळू त्या वाक्याला सरावतो. आईसुद्धा आता सरावली आहे. हल्ली ती एकदाच फोन लावते.

माझ्या एका वर्गमित्राशी या विषयावर कँटीनमध्ये वाद झाला. तो म्हणाला, “आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना सरकारने वेगळी यंत्रणा कशाला उभारायची? एक स्वस्त कार्ड घालून द्यावे की झाले.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु २६ जुलै २००५ च्या प्रलयात आणि ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत काय घडले ते घरातल्या मोठ्यांना विचारावे. लाखो लोक एकाच वेळी आपापल्या माणसांना फोन लावू लागले आणि फोन लागेनासे झाले. संकटाच्या घटकेला सार्वजनिक रस्त्यावर गर्दी होणारच. ज्याच्या एका शब्दावर गाडीतील हजार माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याने त्या गर्दीत रांगेत उभे राहायचे काय? २७ जुलै २०१९ ला आपल्याच मार्गावर, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पाणी चढताना कोणीतरी ते पहिल्यांदा पाहत असते. त्याचा शब्द पहिल्यांदा पोहोचला पाहिजे, बाकीच्यांचा नंतर.

म्हणून वेगळी यंत्रणा हवी. रेल्वेजवळ ती मुळीच नाही असेही नाही. चालक आणि गार्ड (२०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात) यांच्याकडे पाच वॉटचे वॉकीटॉकी असतात, स्टेशनात पंचवीस वॉटचे संच असतात. घाटात पुढच्या इंजिनातला चालक आणि मागच्या बँकरमधला चालक एकमेकांना दिसत नाहीत. त्यांचे चालणे-थांबणे पूर्वी शिट्ट्यांच्या खुणांवर होते, आता वॉकीटॉकीचीही जोड आहे. पण ही जुन्या पद्धतीची बिनतारी यंत्रे उघड्या ओटीवर बोलल्यासारखी आहेत. त्याच लहरीवर लावलेला संच ज्याच्याजवळ असेल, तो सगळे ऐकू शकतो. आणि ऐकू शकतो त्याहून वाईट म्हणजे बोलूही शकतो.

पावनखिंडीची कथा आपण शाळेत ऐकली. महाराज विशाळगडी पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हायचे होते. लहानपणी मला नेहमी एक शंका येई : शत्रूनेच तोफ उडविली असती तर? बाजीप्रभूंना कसे कळले असते? मास्तरांनी मला खाली बसविले होते. आज तीच शंका मोठमोठ्या अभियंत्यांची आहे असे दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोलंड देशात कोणीतरी साध्या रेडिओसंचावरून तीन ठरावीक सूर सोडले. तिथल्या रेल्वेत ते सूर म्हणजे ‘ताबडतोब थांबा’ ही आज्ञा. सुमारे वीस गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या सुरांना कुलूप नव्हते, किल्ली नव्हती. आज्ञा कोण देतो आहे हे विचारण्याची सोयच नव्हती. गाड्या थांबल्या म्हणून निभावले. ‘थांबा’ ऐवजी कोणी ‘मार्ग मोकळा आहे, या’ असे सांगितले तर काय होईल, ते लिहिण्याची गरज नाही.

नव्या पद्धतीत याला उत्तर आहे. प्रत्येक संचाला आपली अशी गुप्त किल्ली असते. संच बोलू लागण्यापूर्वी यंत्रणा त्याला ओळखते. बोलणे सांकेतिक रूपात जाते, त्यामुळे मधल्या मध्ये ऐकणाऱ्याला नुसता खरखराट. एखादा संच बाजारात हरवला तर जुन्या पद्धतीत तो कायमचा उघडा कान ठरतो. नव्या पद्धतीत हजेरीपटावरून नाव खोडावे तसा तो एकटा बाद करता येतो, बाकीच्यांना धक्का न लावता. शिवाय एक बटण दाबताच त्या टापूतील सर्वांना एकदम ऐकू जाईल, आणि संकटाची हाक आली की बाकीची बोलणी आपोआप बाजूला सरतील, अशी सोय असते. हे सगळे मी पुस्तकी वाचून लिहीत आहे हे उघड आहे. चूक असेल तर भौतिकशास्त्र जाणणाऱ्यांनी कान धरावा.

९ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील पाच मेगाहर्ट्झ लहरी देण्याचा निर्णय घेतला. खर्चाचा अंदाज पंचवीस हजार कोटींच्या वर आणि मुदत पाच वर्षांची सांगितली गेली. बोलणे, चित्र आणि माहिती हे सर्व सुरक्षितपणे नेणारी रेल्वेची स्वतःची यंत्रणा उभारण्याचा हा संकल्प आहे. निर्णय मला मनापासून पटतो. परंतु त्या वेळचे सरकारी निवेदन मी दोनदा वाचले. त्यात चालक आणि गार्ड यांच्यातील अखंड संभाषण आहे. डबे, वाघिणी आणि इंजिने यांच्यावर दुरून लक्ष ठेवणे आहे. डब्यांतील कॅमेऱ्यांचे थेट चित्रण आहे. वाघिणीलासुद्धा त्यात जागा आहे. रुळातून पायी चालणाऱ्या माणसाचा शब्द मात्र मला सापडला नाही. तो विसरला गेला असे मी म्हणत नाही. निवेदन लहान असते, सगळेच त्यात मावत नाही. पण काय आधी सुचते यावरून मनातला क्रम कळतो, एवढे मला म्हणायचे आहे.

क्रम उलटा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. चालकाला समोर सिग्नल दिसतो, त्याच्या मागेपुढे यंत्रे आहेत. रूळ तुटल्याची बातमी सर्वांत आधी लागते ती गस्तवाल्याला आणि कीमनला, आणि ती पोहोचविण्याचे साधन सर्वांत दुबळे तेही त्यांच्याचजवळ. शिवाय टॉवर कुठे उभारायचे हेही त्यांना विचारून ठरवावे. टॉवर गाडीच्या छतावरच्या अँटेनाला पुरतो, पण कड्याच्या आडोशाला वाकलेल्या माणसाच्या कमरेच्या संचाला तो पुरतोच असे नाही. बोगद्यांत तर टॉवरचा उपयोगच नाही. तिथे भिंतीलगत एक खास केबल टाकतात. बागेत भोके पाडलेली नळी अंथरली की सगळीकडे पाणी झिरपते, तशी लहर त्या केबलमधून लांबीभर झिरपत राहते. पनवेल-कर्जत या नव्या मार्गासाठी आपल्या जवळच वावर्ले येथे २६२५ मीटरांचा बोगदा खोदला आहे. पारसिकच्या सुमारे दुप्पट. घाटाच्या मानाने हे काम नवे आहे, पण रूळ तपासायला माणूस तिथेही पायीच आत जाणार.

आता ‘ट्रॅकर’विषयी. गेल्या काही वर्षांत अनेक विभागांत कीमन आणि गस्तवाल्यांना जीपीएसचे यंत्र देण्यात आले. माणूस कुठे आहे ते नियंत्रण कक्षात नकाशावर ठिपक्याने दिसते. अडचणीसाठी त्यावर बटणही असते. एखादा जखमी होऊन पडला तर त्याला शोधता येईल, ही मोठीच गोष्ट. मी तिला विरोध करीत नाही. परंतु हे यंत्र बहुधा आपल्याच मोबाइल टॉवरांवर चालते, आणि जिथे टॉवर नाही तिथे ठिपकाही थांबतो. थांबलेला ठिपका पाहून कक्षातल्या माणसाने काय समजावे? झोपला? पडला? की नुसता डोंगर आडवा आला? रोज दहा ठिपके डोंगरामुळे थांबत असतील, तर अकरावा खऱ्या कारणाने थांबल्यावर कोण धावेल? पुस्तकाच्या जमान्यात मौनाला अर्थ होता. तो घालवून आपण आधुनिक झालो तर सौदा तोट्याचा आहे. आणि चोवीस तास ज्याच्यावर नजर आहे, त्याला दोन शब्द उलट बोलता येत नसतील, तर त्याला संदेशयंत्रणा म्हणू नये, हजेरी म्हणावे.

तुलनेसाठी कोकण रेल्वेकडे पाहावे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला महाडनजीक आंबवली येथे रुळांवर आलेल्या दगडांमुळे मोठे अपघात झाले. आज त्या मार्गावर पावसाळ्यात सहाशेंहून अधिक माणसे गस्तीला असतात, आणि सरासरी दर किलोमीटरला रुळाशेजारी टेलिफोनचे सॉकेट आहे. गस्तवाला, चौकीदार किंवा चालक तिथे फोन जोडून थेट स्टेशनाशी बोलू शकतो. म्हणजे कुठेही असला तरी अर्ध्या किलोमीटरवर एक तार त्याची वाट पाहत असते. गंमत अशी की बिनतारीच्या या जमान्यात हा उपाय तारेचा आहे! पण त्यामागचा विचार मला फार आवडतो : यंत्रणा माणसाच्या पावलांनी मोजलेली आहे. नवी बिनतारी यंत्रणा मोजायची ती याच मापाने.

खर्चाचा मुद्दा येणारच. ज्या योजनेत डब्यातल्या कॅमेऱ्याचे चित्र दूरवर पोहोचविण्याची तजवीज आहे, तिथे गस्तवाल्याच्या संचाला पैसे नाहीत हे म्हणणे मला पटणार नाही. अधिक अवघड मुद्दा दुसराच आहे. सुरक्षितता म्हटली की कुलपे आली. कार्यालयात बसणारा माणूस कुलूप आखतो ते स्वतःच्या सवयीने : आठ अक्षरांचा परवलीचा शब्द, दर महिन्याला बदलायचा, तीनदा चुकला तर यंत्र बंद. रात्री दोनला, भिजलेल्या बोटांनी, समोर खचलेला भराव दिसत असताना आठ अक्षरे कोण टिपणार? परक्याला बाहेर ठेवणारे कुलूप आपल्याच माणसाला बाहेर ठेवू लागले तर त्याचा काय उपयोग? ओळख पटवायचे काम पाळीच्या सुरुवातीला, कोरड्या खोलीत, मास्तरासमोर एकदा व्हावे. रुळावर गेल्यावर यंत्राने प्रश्न विचारू नयेत. आणि एखादा संच ठरल्या वेळी बोलला नाही, तर कक्षात घंटा वाजावी आणि गाडी सावकाश सोडली जावी, हा जुन्या पुस्तकाचा नियम जसाच्या तसा नव्या यंत्रात उतरवावा. टॉवर नीट उभारले असतील तर ही घंटा उगाच वाजणार नाही. आणि उगाच वाजू लागली तर टॉवर कुठे कमी आहेत ते तरी कळेल.

हा लेख मी बाबांना वाचून दाखविला. त्यांना पोलंडची गोष्ट आवडली. ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. बाकी ठिकाणी ते गप्प होते. शेवटी म्हणाले, “पटाख्याला टॉवर लागत नाय, हे पण लिही.” मी म्हटले, लिहिते, पण पटाख्याला ‘थांब’ एवढाच एक शब्द येतो, काय झाले आणि किती माणसे पाठवा हे त्याला सांगता येत नाही. तेव्हा ते थोडा वेळ विचार करीत बसले. मग बॅटरी उचलून पाळीवर निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, “यंत्र देतील तेव्हा देतील. बटण तेवढं मोठं ठेवा म्हणावं. ओल्या हाताला अंधारात सापडलं पाहिजे.”